वाळूजमधला हाउझर आणि पैठणचा पैठणकर

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत 'एंड्रेस प्लस हाउझर' हे नाव वाचायला मिळतं. द्रवाचा प्रवाह, तापमान मोजणारी औद्योगिक उपकरणं बनवणारी ही कंपनी. नावात चक्क दोन आडनावं आहेत! स्विस अभियंता गेऑर्ग एंड्रेस आणि बँकेतले लुडविग हाउझर यांनी 1953 मध्ये जर्मनीतल्या लोराख इथे ती सुरू केली.

यातलं 'हाउझर' मराठी माणसाला लगेच जवळचं वाटेल.

जर्मनमध्ये 'हाउस' म्हणजे घर. जुन्या भाषेत 'हाउझेन' म्हणजे 'घरांपाशी', थोडक्यात आपली वाडी. दक्षिण जर्मनीत हाउझेन नावाची कितीतरी गावं आहेत. तिथून दुसरीकडे राहायला गेलेला माणूस 'हाउझर' झाला. शेवटचा 'अर' म्हणजे जणू आपला 'कर': पैठणचा पैठणकर, वैजापूरचा वैजापूरकर, तसा न्यूर्नबर्गचा न्यूर्नबर्गर.

मात्र प्रत्येक 'अर' गावाचा नसतो. जर्मनीतलं सर्वाधिक आढळणारं आडनाव 'म्युलर' म्हणजे पिठाची चक्की चालवणारा, 'श्नायडर' म्हणजे शिंपी, 'फिशर' म्हणजे मासेमार. तिथे प्रत्यय तोच, पण ओळख धंद्याची.

हाउझर आडनावाची माणसं प्रामुख्याने दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये आढळतात. त्यातला सर्वांत गाजलेला कास्पार हाउझर. 1828 मध्ये हा किशोरवयीन मुलगा न्यूर्नबर्गच्या रस्त्यावर एकटाच सापडला. त्याचे आईवडील कोण, याचा वाद पुढे कित्येक पिढ्या चालला.