भुईला घाम का फुटतो?

पावसाळ्याच्या तोंडावर महाड-पोलादपूरकडे गुळगुळीत लाद्यांना ‘घाम’ फुटतो. सारवलेली भुई मात्र कोरडी वाटते. असे का? दमट हवा गार लादीला टेकली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. मातीची सूक्ष्म छिद्रे हे पाणी शोषतात, हवा कोरडी झाली की परत सोडतात. शेणातले तंतू भेगा रोखतात. भट्टीचे जळणही वाचते.

मग सगळीकडे मातीच चोपावी का? नाही. जुलै २०२१मध्ये सावित्रीचा पूर महाडमधल्या घरांत शिरला. पुरात माती मऊ होऊन धुपते. तिथे दगडी फरशीच बरी. चढावरच्या उंच जोत्याला सारवण चालेल, पण सारवण्याचे कष्ट एकट्या बाईवर पडू नयेत.

आपण वर्गात लादीवर आणि सारवलेल्या मातीवर दहा-दहा थेंब टाकून पाहू या. निष्कर्ष मुलेच काढतील.