स्तन कर्करोग तपासणी

स्तनाच्या कर्करोगाची कोणतीही लक्षणे जाणवत नसलेल्या स्त्रियांची, रोग प्रारंभिक अवस्थेत हुडकून काढण्याच्या हेतूने ठराविक कालावधीने केली जाणारी परीक्षा. गाठ जाणवल्यानंतर करावयाची निदानविषयक परीक्षा हिच्याहून वेगळी असून तिच्यासाठी नियत तपासणीच्या तारखेची वाट पाहणे धोक्याचे असते.

दुग्धवाहिन्या व खंडिका यांच्या अस्तरातील कोशिकांच्या अनिर्बंध वाढीतून हे मारक अर्बुद उद्भवते. भारतीय स्त्रियांत आढळणाऱ्या कर्करोगांत त्याचे प्रमाण सर्वाधिक आहे. क्वचित तो पुरुषांतही होतो. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा समज उपचारांस विलंब होण्याचे एक मोठे कारण आहे. त्यात संकोच आणि खर्चाची धास्ती यांची भर पडते. दरम्यान रोगट कोशिका काखेतील लसीका ग्रंथींत आणि पुढे अस्थी, फुप्फुसे, यकृत किंवा मेंदू यांत पोहोचू शकतात. त्वचेवर खळी पडणे, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे हीदेखील लक्षणे होत.

स्तनाच्या क्ष-किरण चित्रणास मॅमोग्राफी म्हणतात. १९१३ मध्ये बर्लिन येथील शल्यचिकित्सक आल्बेर्ट झालोमोन यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचा क्ष-किरणांनी अभ्यास करून या तंत्राचा पाया घातला. हाताला न लागणारी लहान गाठ व कॅल्शियमाचे सूक्ष्म कण या चित्रणात दिसू शकतात. मात्र तरुण वयात ग्रंथिल ऊतक दाट असते. ते आणि अर्बुद दोन्ही पांढरी दिसत असल्यामुळे रोग झाकला जातो. शिवाय कधीही त्रास न देणारा रोगही उघडकीस येऊन अनावश्यक उपचार होण्याचा संभव असतो.

स्वतःच्या स्तनांत झालेला बदल ओळखता येणे उपयुक्त आहे. परंतु केवळ स्वपरीक्षेचे पद्धतशीर शिक्षण पुरेसे नाही. शांघायमधील कापड गिरण्यांतील सुमारे २,६६,००० स्त्री कामगारांवरील प्रयोगात (निष्कर्ष २००२) अशा शिक्षणाने मृत्युप्रमाण घटले नाही.

मॅमोग्राफीची यंत्रसामग्री सर्वत्र पुरविणे शक्य नसलेल्या देशांच्या दृष्टीने मुंबईतील प्रयोग विशेष महत्त्वाचा ठरतो. टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९८ मध्ये ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर तो सुरू केला. निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तींनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, केवळ हाताने स्तनपरीक्षा केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या व चौथ्या अवस्थेत निदान होण्याचे प्रमाण तपासणी गटात ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून कमी वयात मात्र तसा लाभ आढळला नाही. विजेवर चालणारे एकही यंत्र न वापरता हे साधले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी परीक्षा करण्याची तरतूद आहे. आई, बहीण किंवा मुलगी यांना हा रोग झालेल्या अथवा सदोष जनुक वारशाने आलेल्या स्त्रियांची तपासणी वैद्यांच्या सल्ल्याने अधिक लवकर सुरू करतात. परीक्षेत लागलेल्या बहुतेक गाठी साध्या असतात. खात्रीसाठी सुईने ऊतकाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. दोन तपासण्यांच्या मधल्या काळातही कर्करोग उद्भवू शकतो, त्यामुळे आधीचा अहवाल निर्दोष असला तरी नव्याने जाणवलेल्या गाठीची परीक्षा ताबडतोब करावी लागते.