हबशी म्हणजे कोण, बाई?

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी ती बाकावर डोकं टेकून बसली होती. सातवीतली माझी विद्यार्थिनी, बोईसरच्या पूर्वेकडच्या वारली पाड्यावरून रोज चालत शाळेत येणारी. काय झालं विचारलं तर बोलेना. शेवटी शेजारची म्हणाली, "बाई, मुलं तिला हबशी म्हणाली."

मी त्या मुलांना उभं केलं, रागावले, रंगावरून कुणाला बोलायचं नाही असं बजावलं. मुलांनी माना खाली घातल्या. पण घरी जाताना माझीच चूक मला टोचू लागली. 'तिला हबशी म्हणू नका' असं सांगताना हबशी असणं वाईट, हे मीही मान्य करून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनेच हात वर केला. "हबशी म्हणजे कोण, बाई?"

मी इतिहास शिकवते. या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देणं मला बरं वाटलं नाही. पुढचे कितीतरी शनिवार आम्ही त्याच्याच मागे होतो. वर्गात आम्ही जे वाचलं, बोललो, ते इथे मांडते आहे, कारण हा प्रश्न एका वर्गापुरता नाही.

आधी शब्द. इथिओपियाच्या परिसराला अरबीत 'हबश' म्हणतात, म्हणून तिथला माणूस हबशी. पुढे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेल्या सगळ्यांनाच आपण हबशी म्हणू लागलो. याच लोकांना 'सिद्दी'ही म्हणतात; तो शब्द 'सय्यिदी' म्हणजे 'माझे स्वामी' या अरबी संबोधनावरून आला असं मानतात. सिद्दींच्या ताब्यातल्या जंजिऱ्याच्या मुलखाला तर मराठी कागदपत्रांत 'हबसाण' असंच नाव आहे. थोडक्यात, मुलं जो शब्द शिवी म्हणून वापरत होती, ते एका देशाचं आणि तिथल्या माणसांचं नाव होतं.

मग ती माणसं इथवर आली कशी? याचं उत्तर मला लहानपणापासून ठाऊक होतं, फक्त ते इतिहासाशी जोडलेलं नव्हतं. माझं माहेर तारापूरजवळच्या मच्छीमार वस्तीतलं. वारा कधी फिरतो यावर बाबांचं वर्ष चालायचं. थंडीत वारा ईशान्येकडून वाहतो, तो शिडाच्या गलबताला आपल्या किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे ढकलतो. उन्हाळ्याच्या शेवटी तो उलटतो आणि नैर्ऋत्येकडून, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूने, आपल्याकडे येऊ लागतो. भर पावसाळ्यात दर्या बंद, म्हणून खलाशी पावसाच्या आधी नाहीतर पाऊस ओसरताना निघत. यंत्राची बोट येण्यापूर्वी शेकडो वर्षं हाच रस्ता होता. मुलांनी नकाशावर दोरा लावून बघितला. सरळ पश्चिमेला अरबस्तान, तिथून तांबड्या समुद्राच्या तोंडाशी हबशांचा देश.

हा रस्ता आमच्या दारातूनच जात होता, याचा पुरावा तारापूरच्या शेजारी चिंचणीला सापडला. तिथे मिळालेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजाच्या वतीने संजाणच्या मुलखाचा कारभार एक अरब पाहत होता. संस्कृतात त्याचं नाव 'मधुमती' असं लिहिलं आहे. मुहम्मदचं ते आपल्याकडचं रूप. नदी उतरायला लोकांसाठी फुकट नावा आणि वाटसरूंसाठी अन्नछत्र त्याने चालवलं, अशी नोंद त्यात आहे. हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडचा माणूस या किनाऱ्याचा कारभारी होता. आज बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून माणसं येतात, तेव्हा बाहेरून येणं ही काही नवी गोष्ट नाही, हे मुलांना लगेच कळलं.

पण सगळे आपल्या मर्जीने आले नाहीत. हे मी मुलांपासून लपवलं नाही. त्याच गलबतांतून हस्तिदंत आणि सोन्याबरोबर माणसंही विकायला आणली जात. लहान मुलांना पळवून, बाजारात उभं करून, नाव बदलून विकत. काही गलबतांवर राबले, काही पोर्तुगिजांच्या घरांत आणि किल्ल्यांत, काही सुलतानांच्या फौजेत. मात्र इथल्या गुलामगिरीत एक फट होती. फौजेतला गुलाम मोकळा होऊ शके, सरदार होऊ शके. १५५९ साली पोर्तुगिजांनी दमण जिंकून घेतलं, तेव्हा ते एका हबशी सरदाराच्या ताब्यात होतं. दमण म्हणजे आमच्याकडून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीने दोन-अडीच तासांची वाट. आणखी वर गेलं की अहमदाबादेत १५७३ ची सिदी सय्यदची मशीद आहे. दगडात झाडाची जाळी कोरलेली तिची खिडकी जगभर प्रसिद्ध आहे. ती बांधवून घेणारा सिदी सय्यदही हबशीच.

यातला सगळ्यांत मोठा माणूस मात्र आपल्या मराठवाड्यातला. इथिओपियात १५४८ च्या सुमारास एक मुलगा जन्मला. त्याचं नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला, अरबस्तान-बगदाद असा हातोहात फिरला, नवा धर्म आणि 'अंबर' हे नवं नाव घेऊन अहमदनगरला पोहोचला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीजखान हा स्वतःही हबशीच होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा बुडालेली निजामशाही त्याने पुन्हा उभी केली आणि मरेपर्यंत, म्हणजे १६२६ पर्यंत, मोगलांना दख्खनेत पाय रोवू दिला नाही.

मुलांना गनिमी कावा म्हटलं की शिवाजी महाराज आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण महाराजांचे आजोबा मालोजीराजे आणि वडील शहाजीराजे ज्याच्या बाजूने लढले तो हाच मलिक अंबर. १६२४ ची भातवडीची लढाई शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि मोगल-आदिलशाही फौजेचा तिथे पराभव झाला. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी त्या लढाईत पडले. अंबरने जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची पद्धत बसवली. १६१० मध्ये खडकी शहर वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी भुयारी नहरीने शहरात आणलं. कळशीभर पाण्यासाठी उन्हाळ्यात आईबरोबर पायपीट करणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. लढाईपेक्षा त्यांना ही नहर जास्त आवडली. पाणी उतारावरून कसं आणायचं, हे दोन मुलांनी फळ्यावर काढून दाखवलं.

बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत अंबरच्या काळ्या रंगावरून त्याला वाईट शब्द वापरले आहेत. अंबर हाती लागत नव्हता, म्हणून भाल्याच्या टोकावर ठेवलेल्या त्याच्या मुंडक्यावर आपण बाण सोडतो आहोत, असं चित्रही बादशहाने अबुल हसन या चित्रकाराकडून काढून घेतलं. चित्रातच, कारण प्रत्यक्षात ते कधी जमलं नाही. अंबर वार्धक्याने मेला. त्याची कबर खुलताबादला आहे. ही गोष्ट सांगताना मी माझ्या त्या विद्यार्थिनीकडे बघायचं टाळलं. पण तिने मान वर केली होती.

सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो आणि कोकणावरच्या त्यांच्या स्वाऱ्या आठवतात. त्या स्वाऱ्यांनी गावं जाळली, माणसं धरून नेली, हे खरंच आहे. पण तेवढ्यावरून एक अख्खा समाज शत्रू ठरत नाही. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर सगळ्यांना पाठ असतो. तो वेढा उठवायला नेतोजी पालकरांबरोबर महाराजांच्या बाजूने धावून गेलेला सिद्दी हिलाल मात्र कुणाला आठवत नाही. त्या लढाईत त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. पन्हाळ्याच्या वेढ्यात दोन्ही बाजूंना हबशी होते, हे आता माझा वर्ग विसरणार नाही.

पुढची गोष्ट नाशिकची. शहरातला शरणपूर रोड सगळ्यांना माहीत आहे. ते नाव ख्रिस्ती मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसवलेल्या शरणपूर वस्तीचं. इंग्रजी आरमार गुलामांची गलबतं समुद्रात अडवी, तेव्हा त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलं तिथे आणली जात. लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम शिकून ती मोठी झाली. त्यांतलाच जेकब वेनराइट. शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन १ मे १८७३ रोजी आफ्रिकेच्या पोटात वारले. सोबत्यांनी त्यांचा देह वाळवून, गुंडाळून, महिनोन् महिने चालत समुद्रापर्यंत आणला. झाडाच्या बुंध्यावर लिव्हिंगस्टनचं नाव आणि तारीख कोरली ती नाशिकला शिकलेल्या जेकबने. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत तोही होता. लगेचच, १८७५ मध्ये, मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वस्ती उभी राहिली. तिच्या पायाभरणीत नाशिकहून परत गेलेले हे 'बॉम्बे आफ्रिकन' पुढे होते.

तेच १८७३ साल. तिकडे जेकब झाडावर अक्षरं कोरत होता आणि इकडे पुण्यात जोतीराव फुले 'गुलामगिरी' छापत होते. काळ्या लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ते पुस्तक अर्पण केलं. आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांची बेडी आणि तिकडची बेडी एकाच लोखंडाची आहे, हे त्यांना दिसलं होतं. १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉय या थोर कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं. संयुक्त राष्ट्रांपुढे अमेरिकेतल्या काळ्यांनी मांडलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या आणि द्यु बॉय यांनी आपुलकीने उत्तर दिलं. १९७२ ला मुंबईत तरुण कवी-लेखकांनी संघटना काढली, तेव्हा अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून तिचं नाव ठेवलं 'दलित पँथर'. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची आणि संस्कृतीची ओळख मराठीत करून दिली. मराठी माणसाने काळ्यांच्या लढ्यातून बळ घेतलं, हे आपल्या भाषेच्याच इतिहासात लिहिलेलं आहे.

हे सगळं पुस्तकातलं. माणसं बघायची होती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी बोईसरहून सुरतेकडची गाडी धरली, अंकलेश्वरला उतरले आणि झगडियाजवळच्या रतनपूरला गेले. तिथे टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. अकिकाच्या दगडाचा धंदा करायला हबश देशातून आलेले हे पीर, अशी सिद्दींची श्रद्धा आहे. त्यांची बहीण माई मिस्रा हिलाही तिथे तेवढाच मान. दर्ग्यावर हिंदू, मुसलमान, पारशी सगळे नवस बोलायला येतात.

टेकडीखाली एका घरात मला चहा मिळाला. अंगणात मुलगे क्रिकेट खेळत होते, आजी लसूण सोलत होती, सून शाळेच्या फीबद्दल बोलत होती. भाषा गुजराती, आम्हा पालघरवाल्यांना सहज कळणारी. मला काहीतरी वेगळं दिसेल असं वाटलं होतं. दिसलं ते माझ्याच माहेरचं अंगण. संध्याकाळी ढोल निघाले आणि सिद्दींचा 'धमाल' हा नाच सुरू झाला. या नाचाला 'गोमा' असंही म्हणतात. पूर्व आफ्रिकेत 'ङोमा' म्हणजे ढोल आणि नाच. तोच शब्द समुद्र ओलांडून इथे गोमा झाला. गाव, भाषा, आईबापांनी ठेवलेलं नाव, सगळं हिरावलं गेलं, पण ठेका कुणाला हिरावता आला नाही.

सिद्दी म्हणजे एवढेच नव्हेत. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या रानात राहणारे सिद्दी कोंकणी बोलतात. तिथल्या बायका जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंद म्हणतात. टाका कडेने सुरू होतो आणि फिरत फिरत मध्यावर येतो. चारही कोपऱ्यांवर कापडाची 'फुलं' बसल्याशिवाय कवंद पूर्ण होत नाही. गीरमधल्या जांबूरच्या हिराबाई लोबी यांनी सिद्दी बायकांना बचतीची आणि मुलांना शाळेची वाट दाखवली; २०२३ ला त्यांना पद्मश्री मिळाली.

शाळा उघडली. रतनपूरहून आणलेले फोटो मी वर्गात फिरवले. त्यात एक मलुंगाचा होता. मलुंगा म्हणजे धनुष्यासारखं तंतुवाद्य. काठीला ताणलेली तार, आणि आवाज घुमावा म्हणून तिला बांधलेला सुका भोपळा. फोटो तिच्या हातात गेला आणि तिथेच थांबला.

"बाई, हा भोपळा आहे ना?"

"हो."

"आमच्या तारप्याला पण भोपळाच असतो. माझा आजा बनवतो. आधी वाळवतो, मग आतला गर काढतो."

पुढच्या शनिवारी आजा तारपा घेऊन शाळेत आला. त्याने फुंक घातली, वर्ग हातात हात गुंफून गोल फिरू लागला, आणि ज्या मुलांनी तिला तो शब्द मारला होता ती तिच्याकडून पाय कसा टाकायचा ते शिकत होती. भिंतीवर तिने स्वतः चिकटवलेला मलुंगाचा फोटो होता. खाली तिच्या अक्षरात एकच ओळ होती: हे हबशी लोकांचं वाद्य आहे, आमच्या तारप्याचं भावंड.