नॉर्थॅम्प्टनचा कांस्यफलक

स्मारकफलक इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासावयाचा झाल्यास त्यावरील मजकुराइतकेच लक्ष तो बसविण्याच्या तारखेकडे द्यावे लागते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉर्थॅम्प्टन गावी, तेथील पहिल्या मंडळीच्या चर्चमध्ये, जोनाथन एडवर्ड्झ या वसाहतकालीन प्युरिटन धर्मोपदेशकाचा कांस्यफलक आहे. हर्बर्ट अॅडम्स या शिल्पकाराने घडविलेल्या या उत्थित शिल्पाचे अनावरण २२ जून १९०० रोजी झाले. तो दिवस एडवर्ड्झचा जन्मदिन नव्हे, मृत्युदिनही नव्हे. बरोबर दीडशे वर्षांपूर्वी, २२ जून १७५० रोजी, याच मंडळीने त्याला पाळकपदावरून दूर केले होते.

हा प्रसंग समजण्यास न्यू इंग्लंडमधील मंडळ्यांची घटना थोडी ध्यानात घ्यावयास हवी. आरंभीच्या प्युरिटन वसाहतींत, अंतःकरणाचे परिवर्तन झाल्याची साक्ष देणारासच पूर्ण सभासदत्व आणि प्रभुभोजनाचा अधिकार मिळे. पुढील पिढ्यांत अशी साक्ष देणारे कमी होऊ लागले. नॉर्थॅम्प्टनचा वयोवृद्ध पाळक सॉलोमन स्टॉडर्ड याने हे बंधन सैल केले; प्रभुभोजन हेच परिवर्तनाचे साधन ठरू शकेल, तेव्हा सदाचारी माणसास त्यापासून वंचित का ठेवावे, असा त्याचा युक्तिवाद होता. एडवर्ड्झ हा स्टॉडर्डचा दौहित्र. १७२९ मध्ये आजोबांच्या मृत्यूनंतर मंडळीची धुरा त्याच्याकडे आली, आणि जवळजवळ वीस वर्षे त्यानेही हीच प्रथा चालविली. मात्र १७३४-३५ च्या धर्मजागृतीत ज्यांचे परिवर्तन झाले असे त्याने मानले होते, त्यांतील कित्येकांचे आचरण पुढे पूर्ववत झालेले त्याला दिसले. अखेर विश्वासाच्या स्पष्ट कबुलीवाचून पूर्ण सभासदत्व नाही, असा निर्णय त्याने घेतला आणि १७४९ मध्ये ग्रंथ लिहून त्याचे समर्थन केले.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. मुलांच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न त्यात गुंतलेला असल्यामुळे तो घरोघर पोहोचला. शेजारच्या मंडळ्यांच्या परिषदेत एका मताच्या आधिक्याने संबंधविच्छेदाचा कौल पडला. खुद्द मंडळीत तर २०० हून अधिक मते त्याच्या विरुद्ध आणि अवघी २३ त्याच्या बाजूची होती. विरोधकांचा एक पुढारी जोसेफ हॉली हा त्याचाच आप्त. दहा वर्षांनी, १७६० मध्ये, या हॉलीने आपल्या वर्तनाबद्दल पत्राद्वारे उघड पश्चात्ताप व्यक्त केला. पण एडवर्ड्झ तेव्हा हयात नव्हता. पदच्युतीनंतर सीमेवरील स्टॉकब्रिज येथे मोहिकन लोकांत उपदेश करीत असता त्याने इच्छास्वातंत्र्यावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ १७५४ मध्ये प्रसिद्ध केला. १७५८ मध्ये प्रिन्स्टन येथील महाविद्यालयाचा अध्यक्ष झाल्यावर थोड्याच आठवड्यांत, देवी टोचून घेतल्याचा परिणाम होऊन, तो मरण पावला. (मराठी वाचकाला यातील एक धागा परिचित वाटेल. एडवर्ड्झने १७४९ मध्ये संपादिलेले डेव्हिड ब्रेनर्डचे चरित्र विल्यम केरीच्या नित्य वाचनात असे. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारा केरी तो हाच.)

मग १९०० मध्ये त्याचा गौरव कोणी केला? समारंभातील भाषणे पुढील वर्षी ग्रंथरूपाने आली. त्यांचे संपादक एच. नॉर्मन गार्डिनर हे त्याच गावातील स्मिथ कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. वक्त्यांपैकी अलेक्झांडर अॅलन आणि जॉर्ज गॉर्डन हे उदारमतवादी धर्मचिंतक होते. एडवर्ड्झने प्रतिपादिलेली मानवजातीची संपूर्ण पतितावस्था आणि ईश्वराची अनियंत्रित निवड त्यांना त्या स्वरूपात मान्य नव्हती. शिल्पकाराबाबतही गंमत अशी की, कॅल्व्हिनपंथी मतांवर कठोर टीका करणाऱ्या विल्यम एलरी चॅनिंगचा बॉस्टनमधील पुतळा १९०३ मध्ये याच अॅडम्सच्या हातून उभा राहिला. ज्यांना त्याच्या मतांचे ओझे उरले नव्हते, त्यांनाच त्याला विचारवंत म्हणून वंदन करणे सोपे गेले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. १७५० च्या गावकऱ्यांना तो रोज समोर बसणारा, मुलाबाळांच्या बाप्तिस्म्याआड येणारा पाळक होता. तांबे व कथील यांच्या ओतीव मिश्रणात असला तंटा उतरत नाही. तारीख तेवढी उरते, आणि ती निवडण्यात नॉर्थॅम्प्टनने दाखविलेला प्रामाणिकपणा मला फलकावरील शिल्पापेक्षा मोलाचा वाटतो.

तथापि या प्रामाणिकपणालाही मर्यादा होत्या. एडवर्ड्झने १७३१ मध्ये न्यूपोर्ट बंदरात व्हीनस नावाची, सुमारे चौदा वर्षांची आफ्रिकी मुलगी ८० पौंडांस विकत घेतली. पुढे गुलाम बाळगणाऱ्या एका पाळकाचा बचाव करणारा मसुदाही त्याने लिहिला; त्यात आफ्रिकेतून नवे गुलाम आणण्याच्या व्यापाराचा मात्र निषेध आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधकांनी या कागदांची तपशीलवार चर्चा केली. व्हीनसची गाठ आपल्याला पडते ती स्मारकात नव्हे, तर तिच्या विक्रीखतात.