गाडी घेण्याआधी आपली ‘पत’ पाहा

दसरा-धनत्रयोदशी जवळ आली की इंदूरच्या आपल्या मंडळात गाड्यांच्या गप्पा सुरू होतात. मी अनेक वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काम केले. त्यामुळे “कोणती गाडी घेऊ?” असे कोणी विचारले की माझा प्रतिप्रश्न ठरलेला असतो, “क्रेडिट स्कोअर पाहिलात का?”

“आमचा पगार चांगला आहे की!” हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. पण हा स्कोअर पगाराचा किंवा शिलकीचा नसतो. घेतलेले पैसे आपण वेळेवर फेडतो का, याचा तो हिशेब असतो. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या बँकांकडून आपल्या हप्त्यांची माहिती घेतात आणि ३०० ते ९०० यांमधला आकडा देतात. साधारणपणे ७५० च्या पुढचा स्कोअर चांगला समजला जातो.

आकड्याने काय फरक पडतो? समजा, ५ वर्षांसाठी ८ लाखांचे कर्ज घेतले. व्याज ९ टक्के असेल तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये येतो. ११ टक्के असेल तर सुमारे १७,४००. पाच वर्षांत ४७ हजारांचा फरक! गाडी तीच, रंग तोच.

आपल्या घरांत “ऋण काढून सण नको” ही शिकवण. आयुष्यात कधी कर्ज न घेतलेले एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, “माझा स्कोअर तर सगळ्यांत चांगला असेल.” प्रत्यक्षात त्यांचा स्कोअरच नव्हता, कारण नोंदच नव्हती. मात्र केवळ एवढ्या कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. अशा वेळी पेन्शन, बचत खात्यातील व्यवहार, विवरणपत्रे असे कागद सोबत न्यावेत.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. भाच्याच्या किंवा मित्राच्या कर्जाला आपण भिडेखातर जामीन राहतो आणि विसरतो. ते कर्ज आपल्याही अहवालात दिसते. त्याने हप्ते थकवले तर पत आपलीही जाते. म्हणून सही करण्याआधी स्वतःला विचारावे, वेळ आलीच तर हे हप्ते मी भरू शकेन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर नम्रपणे नकार द्यावा. नात्यात तेवढ्यापुरती कुरबुर होईल, पण थकलेल्या हप्त्यांनी येणारा दुरावा त्याहून मोठा असतो.

शोरूममध्ये जाण्याच्या दोन-तीन महिने आधी आपला अहवाल मागवा. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा तो मोफत द्यायचा असतो. स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. थोड्या दिवसांत अनेक बँकांकडे अर्ज केले तर मात्र होऊ शकतो. फेडलेले कर्ज ‘चालू’ दिसत असेल, तर बँकेच्या ना हरकत दाखल्यासह लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

गाडीचे मायलेज आपण चार जणांना विचारतो. तेवढीच चौकशी स्वतःच्या पतीचीही करू या.