जुन्या जावाची नवी बॅटरी

मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडलेल्या जावा २५० या दुचाकीची सगळी वीज ६ व्होल्टची आहे. १९७३ नंतर त्याच कारखान्यातून आलेल्या सुरुवातीच्या येझदींचंही तेच. क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेला डायनामो वीज तयार करतो, रेग्युलेटर तिला आवर घालतो आणि प्लगची ठिणगीही बॅटरीच्याच जोरावर पडते. १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० ला ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल असल्याने बॅटरी मेली तरी ती किकवर सुरू होते. बिघडतात ते फक्त हॉर्न आणि इंडिकेटर. जावाचं तसं नाही. डायनामोने वीज द्यायला थोडा वेग लागतो आणि किकच्या एका फेऱ्यात तो मिळत नाही. म्हणून बॅटरी बसलेली जावा ढकलावी लागते.

१९९६ मध्ये कारखाना बंद झाला, तरी गाड्या रस्त्यावर राहिल्या. जावा हे नाव २०१८ मध्ये परत आलं, पण त्या नव्या गाड्या १२ व्होल्टच्या आहेत. त्यामुळे दुकानात नुसती ‘जावाची बॅटरी’ मागितली तर भलतीच वस्तू हातात पडण्याची शक्यता असते. मागायचं ते व्होल्ट, क्षमता आणि मापं सांगून.

जपानी पद्धतीचे सांकेतिक क्रमांक इथे कामी येतात. ‘६एन४’ मधला पहिला आकडा व्होल्टचा आणि नंतरचा अँपिअर-तासांचा. पुढचा आकडा व अक्षर टर्मिनल आणि हवेची नळी कोणत्या बाजूला आहे ते सांगतात. ही शेवटची खूण क्षुल्लक वाटते. पण टर्मिनलं उलट्या बाजूला आली की मूळ वायर पोचत नाही, मग कोणीतरी जोड मारतो आणि बिघाडाची सुरुवात तिथूनच होते. ६ व्होल्टच्या गाडीत सांधे चोख असावे लागतात. ३५ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर ओढतो. वाटेत एखादा गंजलेला सांधा ०.१ ओहमचा अडथळा करत असेल तर ०.६ व्होल्ट तिथेच जातात, म्हणजे एकूण दाबाचा दहावा हिस्सा. १२ व्होल्टवर त्याच दिव्याला निम्मा प्रवाह पुरतो आणि तोच सांधा फक्त अडीच टक्के खातो. जुन्या गाड्यांचे दिवे मिणमिणते म्हणून बदनाम आहेत. त्यात बॅटरीइतकाच, कधीकधी अधिक, दोष अर्थिंगचा असतो.

पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांतून चौकशी केली, तर पर्याय साधारण दोन असतात. पहिला, ॲसिड भरायची नेहमीची बॅटरी. दुसरा, बंद एजीएम बॅटरी. हिच्यात ॲसिड काचतंतूंच्या जाळीत शोषलेलं असतं, सांडत नाही. इमर्जन्सी दिव्यांसाठी आणि लहान मुलांच्या विजेवरच्या गाड्यांसाठी विकली जाणारी ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-तासांची बॅटरी याच जातीची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती सहज मिळते. लिथियमचाही पर्याय सुचवला जातो, पण त्या बॅटरीला चार्जिंगचा नेमका दाब लागतो आणि साठ वर्षांपूर्वीच्या थरथरत्या पॉइंटच्या रेग्युलेटरकडून तशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

एजीएम घेणाऱ्यांची एक आवडती कारागिरी आहे. जुन्या बॅटरीचं एबोनाइटचं काळं खोकं टिकवून आत नवी बॅटरी लपवायची. जुन्यातलं ॲसिड काढून खोकं खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने फेस थांबेपर्यंत धुतात. वरचा डांबराचा थर तापवलेल्या पात्याने सोडवतात आणि प्लेटा काढतात. प्लेटांवरचं शिसं विषारी, म्हणून हे काम हातमोजे घालून आणि धूळ न उडवता करावं लागतं. सुमारे ७० बाय ४७ मिलिमीटर तळाची आणि दहा सेंटिमीटर उंचीची एजीएम आत उभी राहते. भोवती रबरी फोम भरतात, म्हणजे गाडीचे हादरे तिला बसत नाहीत. तिच्या पातळ पत्र्यासारख्या टर्मिनलांना बोल्ट लागत नाही, त्यासाठी दाबून बसवायच्या क्लिपा लागतात. बाहेरून गाडी अगदी जुनीच दिसते. क्षमता मात्र कमी झालेली असते, हे चालवणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं. रविवारी सकाळी फेरी मारणाऱ्याला चालेल. रात्रीच्या घाटाला नाही.

ॲसिडची बॅटरी निवडली तर तिची तयारी हाच खरा भाग. ती कोरडी मिळते आणि हवेच्या नळीच्या तोंडावर बहुधा लाल टोपण असतं. ते काढून फेकायचं. राहिलं तर चार्जिंगच्या वेळी तयार होणाऱ्या वायूला वाट मिळत नाही आणि खोकं फुटू शकतं. प्लेटा बुडून वरच्या रेषेपर्यंत पोचेल इतकं ॲसिड प्रत्येक सेलमध्ये भरतात आणि निदान अर्धा तास थांबतात. प्लेटांनी ॲसिड शोषलं की पातळी उतरते. ती पुन्हा भरून घेतात. ॲसिड भरण्याची ही एकच वेळ. पुढे आयुष्यभर पातळी कमी झाली की फक्त डिस्टिल्ड वॉटर.

मग स्लो चार्जिंग. प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.४ अँपिअर. मोटारीच्या मोठ्या चार्जरला लावून तासाभरात ‘करून देतो’ म्हणणाऱ्याकडे बॅटरी देऊ नये. पहिल्या चार्जिंगमध्ये केलेली घाई पुढे भरून निघत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. चार्जिंग पुरं झाल्याची खूण हायड्रोमीटर देतो: दर तासाला घेतलेली तीन मोजमापं सारखी आली की थांबायचं. आपल्या हवेत घनता १.२४० ते १.२६० च्या आसपास असते. बॅटरी काही तास तशीच ठेवून मल्टीमीटर लावला तर ६.३ ते ६.४ व्होल्ट दिसायला हवेत. ६.० दिसले तर ती जवळजवळ रिकामी आहे. हे सगळं मोकळ्या हवेत करायचं, कारण निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो.

बसवण्याआधी अर्थ कोणत्या टोकाला आहे ते वायरिंगच्या नकाशावरून पाहायचं. त्या काळच्या लुकास पद्धतीच्या ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन या ब्रिटिश गाड्यांत धन टोक फ्रेमला जोडलेलं असे, त्यामुळे ‘काळी वायर बॉडीला’ हा सवयीचा नियम आंधळेपणाने लावता येत नाही. हवेची नळी चेन, सायलेन्सर आणि क्रोमच्या भागांपासून दूर खाली सोडतात. मूळ गाडीत नसला तरी बॅटरीजवळ एक फ्यूज घालणं शहाणपणाचं.

शेवटची परीक्षा इंजिन चालू करून होते. मध्यम वेगावर बॅटरीच्या टोकांशी ७ व्होल्टच्या थोडं वर दिसलं की रेग्युलेटर ठीक आहे. ७.५ च्या पुढे गेलं तर तो नव्या बॅटरीतलं पाणी उकळवून टाकणार. इंजिन बंद असताना चार्जिंगच्या लाल दिव्याच्या भरवशावर न राहता बॅटरीतून डायनामोकडे उलटा प्रवाह जातो का, तेही मीटरने पाहायचं. हा उलटा प्रवाह तोडणाऱ्या कटआऊटचे पॉइंट चिकटलेले असतील तर चांगली बॅटरी एका रात्रीत उतरते आणि दोष विक्रेत्यावर जातो. डायनामोची ताकद फक्त ४५ वॅटच्या आसपास. पुढचा आणि मागचा दिवा मिळून ४० वॅट खातात. रात्री रहदारीत गाडी रेंगाळली की घट बॅटरी सोसते. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीची बॅटरी महिन्यातून एकदा काढून चार्ज करावी लागते.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे परत द्यायची. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करणाऱ्या किंवा तिचा पुनर्वापर करणाऱ्या संस्थेकडेच जायला हवी आणि विक्रेते तिचे पैसे नवीच्या किमतीतून वजाही करतात.