आनुवंशिक हृदयविकार आणि एक दुर्लक्षित रक्तचाचणी

“वर्षापूर्वीच कोलेस्टेरॉल तपासले होते. रिपोर्ट अगदी नॉर्मल होता.” ऐन चाळिशीतील एखादी व्यक्ती हृदयविकाराच्या झटक्याने अकस्मात निघून गेली की सांत्वनासाठी जमलेल्यांच्या कानी असे उद्गार पडतात. मग तो रिपोर्ट चुकीचा होता काय? तसे असेलच असे नाही. रक्तातील एका घटकाची त्यात नोंदच नसते. त्या घटकाचे नाव लायपोप्रोटीन (ए).

नेहमीच्या ‘लिपिड प्रोफाइल’ चाचणीत एकूण कोलेस्टेरॉल, एल.डी.एल., एच.डी.एल. आणि ट्रायग्लिसराइड्स यांचे आकडे दिलेले असतात. लायपोप्रोटीन (ए)मधील कोलेस्टेरॉल एल.डी.एल.च्या आकड्यातच मिसळून जाते. ते वेगळे ओळखता येत नाही. त्यासाठी निराळी चाचणी करावी लागते.

नॉर्वेचे शास्त्रज्ञ कोरे बर्ग यांनी १९६३ साली या घटकाचा शोध लावला. त्याचा कण एल.डी.एल.च्या कणासारखाच असतो. मात्र त्याला एक जादा प्रथिन जोडलेले असते. रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या एका नैसर्गिक द्रव्याशी या प्रथिनाचे साम्य आहे. हे कण अधिक प्रमाणात असल्यास रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर चरबीचा थर साचण्यास आणि दाह वाढण्यास हातभार लागतो. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयाची महाधमनी झडप अरुंद होणे, या तिन्हींचा धोका त्यामुळे वाढतो.

या घटकाचे रक्तातील प्रमाण मुख्यतः जनुकांवर अवलंबून असते. ते बालपणीच ठरते आणि पुढे आयुष्यभर फारसे बदलत नाही. आहार, व्यायाम वा वजन यांचा त्यावर अल्पच परिणाम होतो. म्हणूनच सडपातळ, निर्व्यसनी आणि कष्टाळू माणसातही ते वाढलेले आढळू शकते. हा त्याच्या राहणीचा दोष नव्हे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये, तसेच मूत्रपिंडाच्या काही विकारांत ते काहीसे वाढते.

रिपोर्ट पाहताना प्रथम एकक पाहावे. दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅम अथवा दर लिटरला १२५ नॅनोमोल यांपेक्षा अधिक प्रमाण सामान्यतः धोक्याचे समजले जाते. या कणांचा आकार माणसागणिक भिन्न असल्याने साध्या गुणाकाराने एका एककाचे दुसऱ्यात अचूक रूपांतर करता येत नाही. या चाचणीसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. मात्र मोठ्या आजारात ती करू नये.

जगात दर पाच माणसांत सुमारे एकाच्या रक्तात हा घटक वाढलेला असतो. प्रत्येक प्रौढ व्यक्तीने आयुष्यात किमान एकदा ही तपासणी करावी, अशी शिफारस युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांनी २०१९ साली केली. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही किमान एकदा तपासणी करण्यास सांगितले आहे. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांपूर्वी, आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांपूर्वी हृदयविकार जडला असेल, तर डॉक्टरांकडे या चाचणीविषयी आवर्जून विचारणा करावी.

प्रमाण अधिक निघाले तर? प्रथम घाबरून जाऊ नये. वाढलेला आकडा म्हणजे झटका अटळ आहे, असे नव्हे. कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन गोळ्या लायपोप्रोटीन (ए) कमी करीत नाहीत. तरीही त्या एल.डी.एल. खाली आणतात आणि एकंदर धोका घटवितात. म्हणून “यावर गोळी नाही” असे ऐकून चालू असलेले औषध बंद करू नये. अॅस्पिरीनही स्वतःच्या मनाने सुरू करू नये; त्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो. रक्तदाब व मधुमेह काबूत ठेवणे, तंबाखू आणि धूम्रपान पूर्णपणे सोडणे, नियमित चालणे, हे उपाय आपल्या हाती आहेत. जन्मजात धोका जितका अधिक, तितके त्यांचे महत्त्व अधिक.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आईवडिलांपैकी एकाकडे हा वारसा असल्यास तो प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता साधारणतः निम्मी असते. तेव्हा आपला आकडा भावंडांपासून आणि मुलांपासून लपवून ठेवू नये. आपल्या एका तपासणीमुळे त्यांना वेळीच सावध होता येईल.